श्वासास विजेचा टेंकू

(नभोवाणीवरील भाषण)

आपण दिवसांतून सुमारें वीस हजार वेळां श्वास घेतों आणि त्यांपैकीं एकाहि श्वासाची आठवण आपल्या मनांत राहत नाहीं. निसर्गानें हें काम सर्वस्वीं आपल्या इच्छेवर सोंपविलें नाहीं हें बरेंच झालें. एरवीं विसरभोळ्या माणसांची जात केव्हांच नाहींशी झाली असती. परंतु काम आपोआप होतें म्हणजे तें कोणी करीतच नाहीं असें नव्हे. छाती आणि पोट यांच्यामध्यें घुमटाच्या आकाराचा एक मांसल पडदा आहे. त्याला श्वासपटल म्हणतात. हा पडदा आकुंचन पावला म्हणजे खालीं सरकतो, छातींतील पोकळी वाढते आणि सुमारें अर्धा लिटर हवा आंत येते. तो सैल पडला म्हणजे ती हवा बाहेर जाते. स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या श्वासाचें बहुतेक काम हा एकटा पडदा करतो. त्याला हुकूम पोंचविणारा मज्जातंतु मानेमध्यें, मज्जारज्जूच्या तिसऱ्या, चौथ्या व पांचव्या विभागांतून निघतो आणि हृदयाच्या कडेनें खालीं उतरतो. डॉक्टर लोक त्याला फ्रेनिक मज्जातंतु म्हणतात. डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे हे दोनच तंतु आहेत. आपला सारा जीव ह्या दोन दोऱ्यांवर टांगलेला आहे असें म्हटलें तरी फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

ज्या रोगासंबंधीं आज बोलावयाचें आहे तो रोग ह्या दोऱ्यांनाच हळूहळू कुरतडतो. मोटर न्यूरॉन डिसीज ह्या इंग्रजी नांवानेंच तो आपल्याकडे ओळखला जातो. आपल्या मेंदूंत व मज्जारज्जूंत कांहीं पेशी अशा आहेत कीं, स्नायूंना हुकूम देणें एवढेंच त्यांचें काम. त्यांना आपण चालक पेशी म्हणूं. ह्या रोगांत त्या एकामागून एक मरत जातात; हुकूम थांबला कीं स्नायु दुबळा होतो आणि वाळूं लागतो. प्रथम सदऱ्याचें बटण लागेनासें होतें, किंवा चालतां चालतां चप्पल पायांतून निसटते, किंवा बोलणें जड होऊन घांस गिळतांना ठसका लागतो. बहुतेकांची बुद्धि मात्र शाबूत असते. आपल्या देहाचा एकेक दरवाजा बंद होतांना मनुष्य तो उघड्या डोळ्यांनीं पाहत असतो. पॅरिस येथील साल्पेत्रिएर रुग्णालयांत झां-मार्तें शार्को ह्या विख्यात वैद्यानें १८६९ सालापासून ह्या रोगाचें वर्णन प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. अमेरिकेंत तो लू गेरिग ह्या बेसबॉलपटूच्या नांवानें ओळखला जातो. गेरिगला हा रोग झाल्याचें १९३९ सालीं निश्चित झालें व १९४१ सालीं तो वारला. स्टीफन हॉकिंग यांचें उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९६३ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्यांना हा रोग असल्याचें सांगण्यांत आलें आणि ते २०१८ पर्यंत जगले. परंतु तो अपवाद होय. पुष्कळांच्या वांट्यास रोग सुरू झाल्यापासून दोन-तीन वर्षेंच येतात, आणि शेवट बहुधा एकाच कारणानें होतो: श्वास पुरत नाहीं.

श्वास पुरत नाहीं ही गोष्ट प्रथम रात्रीं उघडकीस येते. झोपेचा एक भाग स्वप्नांचा असतो. त्या वेळीं निसर्ग हातापायांचे व छातीचे बहुतेक स्नायु सैल सोडून देतो (तसें नसतें तर स्वप्नांतल्या चोरामागें आपण खरोखरच धांवलों असतों) आणि श्वासाचा सारा भार एकट्या श्वासपटलावर पडतो. तेंच दुबळें असलें म्हणजे रोगी पुन्हां पुन्हां जागा होतो. त्याला उताणें निजवत नाहीं. उशांवर उशा रचून तो टेंकून बसतो. सकाळीं डोकें ठणकतें आणि दिवसा वर्तमानपत्र हातांत असतांनाच डुलकी लागते. घरची माणसें म्हणतात, काळजीनें झोप लागत नसेल. वस्तुतः रात्रभर श्वास उथळ राहिल्यामुळें रक्तांत कर्बाम्लवायु सांचलेला असतो.

अशा वेळीं कोणाच्याहि मनांत सहज येईल कीं, हुकूम देणारा थकला असेल तर तो हुकूम आपण बाहेरून कां देऊं नये? स्नायु विजेच्या स्पर्शानें आकुंचन पावतो हें तर शाळेंतील मुलांनाहि ठाऊक आहे. ही कल्पना मुळींच नवी नाहीं. फ्रान्समध्यें दुशेन नांवाचा एक वैद्य होऊन गेला. शार्को त्याला आपला गुरु मानीत असे. स्नायूंवर विजेचे प्रयोग करण्यांत ह्या दुशेनचें आयुष्य गेलें, आणि फ्रेनिक मज्जातंतूस वीज देणें हा स्वाभाविक श्वासाची नक्कल करण्याचा उत्तम मार्ग आहे, असा अभिप्राय त्यानें १८७२ सालीं दिला होता. पुढें १९२८ सालीं बोस्टन येथें फिलिप ड्रिंकर यानें लोखंडी फुफ्फुस प्रचारांत आणलें. मान तेवढी बाहेर ठेवून सारा देह एका पेटींत कोंडावयाचा आणि त्या पेटींतील हवेचा दाब कमीजास्त करून छाती हालवावयाची, अशी ती योजना होती. पोलिओनें श्वास बंद पडलेलीं कितीतरी मुलें तिनें वांचविलीं. परंतु पेटी ती पेटीच! म्हणून १९४८ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील सार्नॉफ यांनीं पुन्हां विजेची वाट धरली व फ्रेनिक तंतूला धक्के देऊन श्वास चालवितां येतो हें दाखविलें. १९६० नंतरच्या दशकांत येल विद्यापीठांतील शल्यवैद्य विल्यम ग्लेन यांनीं तर ह्या कामीं रेडिओच्या लहरींचीच मदत घेतली. त्वचेखालीं एक चिमुकला ग्राहक पुरावयाचा, त्वचेवर प्रक्षेपकाची चकती चिकटवावयाची, आणि दर श्वासाला एक संदेश धाडावयाचा. मनुष्याच्या छातींत बसविलेल्या ह्या नभोवाणीचा कार्यक्रम अत्यंत कंटाळवाणा खरा. परंतु तो क्षणभर बंद करा असें म्हणणारा श्रोता सांपडणें कठीण.

ह्या मार्गावरील पुढची पायरी अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें घडली. मज्जातंतूला हात लावण्यांत तो दुखावण्याचें भय असतें. म्हणून तेथील शल्यवैद्य रेमंड ऑन्डर्स व त्यांचे सहकारी यांनीं तंतु सोडून देऊन प्रत्यक्ष श्वासपटलाच्या स्नायूंतच विजेच्या तारा बसविण्याची पद्धति काढली. पोटावर चार लहानशीं छिद्रें पाडून दुर्बिणींतून पाहत श्वासपटलाच्या खालच्या बाजूस पोंचावयाचें, कोणत्या ठिकाणीं विजेचा स्पर्श केला असतां पडदा जोरानें हालतो तें चांचपून पाहावयाचें, आणि तेथें दोन्ही बाजूंस दोन-दोन तारा ओंवावयाच्या. ह्या तारा त्वचेंतून बाहेर काढून खिशांत मावेल एवढ्या एका पेटीस जोडतात. पेटी ठराविक अंतरानें विजेचा मंद प्रवाह धाडते आणि पडदा खालीं सरकतो. २००० सालीं पहिल्या रोग्यावर ही शस्त्रक्रिया झाली. ‘सुपरमॅन’ची भूमिका करणारे नट क्रिस्तोफर रीव्ह १९९५ सालीं घोड्यावरून पडले, त्यांची मान मोडली आणि श्वासासाठीं ते यंत्राचे बंदिवान झाले. त्यांनाहि २००३ सालीं ह्याच तारा बसविण्यांत आल्या. मानेच्या अशा दुखापतींत पुष्कळ रोगी ह्या पेटीच्या बळावर घशांतील नळीच्या यंत्रापासून तासन् तास, कांहीं तर कायमचे, मोकळे झाले. त्यांना वासाचें ज्ञान परत येतें. बोलणें अधिक स्वाभाविक होतें. ज्यानें वर्षानुवर्षें यंत्राचा भाता ऐकला त्याला खोलींतील शांतता ऐकूं येते.

यशाची ही वार्ता मोटर न्यूरॉन डिसीजच्या रोग्यांपर्यंत न पोंचती तरच नवल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. येथें तर काडी नव्हे, चांगली नौकाच दिसत होती. मानेच्या दुखापतींत श्वासपटल बंद पडतें आणि ह्या रोगांतहि श्वासपटलच बंद पडतें. मग जें एकाला तारतें तें दुसऱ्याला कां तारणार नाहीं? शिवाय विजेच्या व्यायामानें स्नायु बळकट राहील आणि यंत्राची गरज लांबणीवर पडेल, असाहि युक्तिवाद होता. तो ऐकतांना त्यांत कोठें खोट आहे असें वाटत नाहीं. शंभरावर रोग्यांना तारा बसविण्यांत आल्या, आणि २०११ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें ह्या रोगासाठीं ह्या उपकरणास परवानगी दिली.

ही परवानगी कोणत्या प्रकारची होती हें समजून घेतलें पाहिजे. ज्या रोगाचे रोगी अमेरिकेंत दरवर्षीं चार हजारांहून कमी, अशा विरळ रोगांच्या उपकरणांसाठीं त्या वेळीं एक सवलत होती. तींत उपकरण खरोखर गुणकारी आहे हें सिद्ध करावें लागत नसे. संभाव्य लाभ संभाव्य हानीपेक्षां अधिक दिसतो एवढें दाखविलें म्हणजे पुरे. सवलतीमागील हेतु चांगला आहे. विरळ रोगासाठीं मोठी चाचणी करणें जड जातें आणि उत्पादकहि पुढें येत नाहींत. परंतु घरांतल्या माणसांना ‘सरकारची परवानगी आहे’ एवढेंच ऐकूं येतें. परवानगी आणि प्रमाण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें त्या घटकेस त्यांना कोणी सांगत नाहीं.

बरें, लाभ संभवतो असें कशावरून ठरलें? तारा बसविलेल्या रोग्यांचें आयुष्य पूर्वींच्या, तारा न बसविलेल्या रोग्यांच्या नोंदींशीं ताडून पाहिलें आणि तें अधिक दिसलें. ह्या हिशेबांत एक मोठी फसगत आहे. ज्याला शस्त्रक्रिया सोसेल असें वैद्याला वाटतें त्यालाच तो टेबलावर घेतो. जो फार खंगला आहे, ज्याचा रोग झपाट्यानें वाढतो आहे, तो ह्या गटांत येतच नाहीं. शस्त्रक्रियेची वाट पाहतांना जो वारला त्याची गणनाहि ‘तारा बसविलेल्यांत’ होत नाहीं. पंढरपुरास पायीं जाऊन आलेल्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यांची प्रकृति घरीं बसलेल्या म्हाताऱ्यांपेक्षां चांगली निघाली, तर तें चालण्याचें फळ कीं जो धडधाकट होता तोच निघाला होता? एकाच काळच्या, एकाच अवस्थेंतील रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केल्यावांचून ह्या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं.

अशा चिठ्ठ्या इंग्लंडांत टाकण्यांत आल्या. डिसेंबर २०११ ते डिसेंबर २०१३ ह्या दोन वर्षांत, सात रुग्णालयांत मिळून ७४ रोगी निवडले गेले. ह्या सर्वांचा श्वास अपुरा पडूं लागला होता, आणि सर्वांना नाकातोंडावर मुखवटा बसवून हवा पुरविणारें यंत्र देण्यांत आलें. त्यांपैकीं ३७ जणांना नुसता मुखवटा आणि उरलेल्या ३७ जणांना मुखवटा व शिवाय श्वासपटलांत विजेच्या तारा, अशी वांटणी झाली. निकाल असा. आयुष्याच्या लांबीप्रमाणें रोग्यांची रांग लावली तर अगदीं मधोमध येणारा रोगी नुसत्या मुखवट्याच्या गटांत साडेबावीस महिने जगला, आणि तारांच्या गटांत अकरा महिने.

हा निकाल पहिल्यानें वाचणाऱ्यास आंकडे उलटसुलट छापले गेले असावेत अशी शंका येते. अर्धें आयुष्य! चाचणीवर देखरेख करणारी एक स्वतंत्र समिति असते. डॉक्टरांना व रोग्यांना न कळणारे आंकडे ती मधून मधून पाहते. तिनें डिसेंबर २०१३ मध्यें नवे रोगी घेणें थांबविण्यास सांगितलें, आणि जून २०१४ मध्यें तारा बसविलेल्या सर्वांच्या पेट्या बंद करण्यास सांगितलें. तारांच्या गटांत अपाय व त्रास यांच्या १६२ नोंदी झाल्या होत्या, तर दुसऱ्या गटांत ८१. २०१५ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

आतां पेटीच्या समर्थकांस एक आक्षेप घेण्यास जागा होती, आणि तो त्यांनीं घेणें न्याय्यच होतें. अशक्त मनुष्याला भूल देऊन त्याच्या पोटांत हत्यारें घातलीं तर तो खचणारच; दोष शस्त्रक्रियेचा असेल, विजेचा कशावरून? ह्या आक्षेपाचें उत्तर फ्रान्समधून आलें. तेथें बारा केंद्रांत, पॅरिसच्या त्याच साल्पेत्रिएर रुग्णालयांतील वैद्यांच्या नेतृत्वाखालीं, सप्टेंबर २०१२ पासून दुसरी चाचणी चालू होती. तींतहि ७४ रोगी होते. मात्र हे रोगी अद्याप मुखवट्याच्या अवस्थेस आलेले नव्हते. ह्या चाचणींत सर्वच्या सर्व ७४ जणांवर शस्त्रक्रिया झाली आणि सर्वांनाच पेटी देण्यांत आली. परंतु ३७ पेट्यांतून वीज वाहत होती आणि ३७ पेट्यांतून वाहत नव्हती. कोणाची पेटी जिवंत आणि कोणाची मुकी, हें रोग्यांना ठाऊक नव्हतें आणि त्यांना तपासणाऱ्या वैद्यांनाहि ठाऊक नव्हतें. मुखवट्याची गरज लागेपर्यंत अथवा मृत्यु येईपर्यंतचा काळ मोजावयाचा होता. मुक्या पेट्यांच्या गटांत तो मधल्या रोग्यास ८.८ महिने निघाला आणि जिवंत पेट्यांच्या गटांत ६ महिने. मुखवटा लांबणीवर पडला नाहीं. उलट लौकर लागला आणि आयुष्यहि घटलें. ही चाचणीसुद्धां मुदतीपूर्वीं थांबवावी लागली.

शस्त्रक्रिया दोन्हीकडे सारखी होती, तेव्हां दोष तिच्या माथीं मारण्याची सोय उरली नाहीं. दोष विजेकडे गेला.

कोणी म्हणेल, ज्या माणसांचे दिवस मोजके आहेत त्यांच्या पोटांत मुक्या तारा बसवावयाच्या हा कोणता न्याय? मलाहि हा प्रश्न क्षुल्लक वाटत नाहीं. भूल, टांके, त्वचेंतून बाहेर आलेल्या तारांची रोजची निगा, हें सर्व सोसून पेटींत वीज नाहीं, हें ऐकून अंगावर कांटा येतो. परंतु एका घराचें चित्र डोळ्यांपुढें आणून पाहा. चाचण्या झाल्याच नाहींत असें समजा. घरांतील कर्त्या पुरुषाला हा रोग झाला, घरच्यांनीं कर्ज काढून पेटी बसविली आणि तो अकरा महिने जगला. घरचे काय म्हणतील? पेटी होती म्हणून अकरा महिने मिळाले, असेंच म्हणतील. शेजाऱ्यांना तसेंच सांगतील, दुसऱ्या रोग्याच्या नातलगांना पत्ता देतील. वैद्यहि आपल्या अनुभवाची ग्वाही देईल, आणि तो खोटें बोलत नसेल. जे साडेअकरा महिने बुडाले ते कोणालाहि दिसणार नाहींत, कारण न जगलेले महिने दिसत नसतात. पिढीभर ही पेटी कृतज्ञतेनें विकत घेतली गेली असती. दोन्ही देशांतील त्या १४८ स्त्रीपुरुषांनीं, आपल्या वांट्यास कोणती चिठ्ठी येईल हें ठाऊक नसतां, आपला देह ह्या कामीं दिला. त्यांपैकीं कित्येकांचें आयुष्य त्यामुळें कमी झालें. मुक्या पेटीला अन्याय म्हणणाऱ्यानें हें लक्षांत घ्यावें कीं, मुकी पेटी ज्यांच्या वांट्यास आली तेच त्या सौद्यांत कमी नाडले गेले.

मग युक्तिवाद कोठें चुकला? मानेची दुखापत व हा रोग यांतील भेद नीट पाहिला तर उलगडा होऊं लागतो. जुन्या तारायंत्राचें उदाहरण घेऊं. राजधानींतून जिल्ह्याच्या कचेरीस तार जाते आणि जिल्ह्यांतून शिपाई गांवोगांव हुकूम पोंचवितात. मान मोडते तेव्हां राजधानी व जिल्हा यांमधील तार तुटते. जिल्ह्याची कचेरी, तेथील कारकून, शिपाई सारे सुखरूप असतात. काम नाहीं म्हणून ते स्वस्थ बसलेले असतात इतकेंच. बाहेरून वीज दिली कीं ते पुन्हां हालूं लागतात. मोटर न्यूरॉन डिसीजमध्यें मात्र त्या कचेरींतील माणसेंच एकेक करून मरत असतात. मरणाऱ्याच्या हाताखालीं जे स्नायूचे तंतु होते त्यांना शेजारची जिवंत पेशी आपल्या पदरांत घेते. म्हणजे उरलेल्यांवर आधींच दुहेरी भार पडलेला असतो. त्यांवर वरून विजेची सक्ती झाली कीं त्यांचें काय होत असेल? थकलेल्या बैलाला पराणी टोंचली तर तो चार पावलें जोरानें टाकतो हें खरें, आणि तीं चार पावलें पाहून धन्याला समाधानहि वाटतें. शिवाय स्वाभाविक हालचालींत लहान, न थकणारे स्नायुगट आधीं कामास लागतात आणि मोठे, लौकर थकणारे गट मागाहून. विजेचा धक्का हा क्रम जुमानीत नाहीं. अनाथ तंतूंना पदरांत घेण्याच्या कामांतच ह्या विजेमुळें अडथळा येत असावा, असाहि एक तर्क आहे. ह्यांपैकीं नेमकें कोणतें कारण खरें हें शास्त्रज्ञांनीं अद्याप निश्चित केलेलें नाहीं. परंतु कारण न कळलें म्हणून परिणाम खोटा ठरत नाहीं. ब्रिटनमधील वैद्यकीय मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ ह्या संस्थेनें २०१७ सालीं स्पष्ट सांगितलें कीं, ह्या रोगासाठीं ही पद्धति वापरूं नये.

मानेच्या दुखापतीच्या रोग्यांनीं हें ऐकून घाबरून जाण्याचें कारण नाहीं. त्यांच्या बाबतींत कचेरी जिवंत असते आणि तेथें ही पेटी आपलें काम करते. एकाच उपकरणाविषयीं एक मनुष्य ‘त्यानें मला मोकळें केलें’ म्हणतो आणि दुसऱ्यासाठीं तेंच वर्ज्य ठरतें, ह्यांत विसंगति नाहीं. वर्तमानपत्रांत किंवा दूरदेशच्या रुग्णालयाच्या जाहिरातींत ‘श्वासाचा पेसमेकर’ अशी बातमी वाचली, तर तो कोणत्या रोगासाठीं, हा प्रश्न आधीं विचारावा.

आतां ह्या साऱ्या प्रकरणांत जी वस्तु दुय्यम पात्र म्हणून वावरली तिच्याकडे वळूं. इंग्लंडच्या चाचणींत ज्या गटानें साडेबावीस महिने गांठले त्यांच्याजवळ होता तो नुसता मुखवटा. आपल्या शहरांतून पुष्कळ घरांत हें यंत्र ‘बायपॅप’ ह्या नांवानें येऊन बसलें आहे. मेजावर मावणारी ती एक घरघरणारी पेटी. तिला नळी, आणि नळीच्या टोंकास नाकावर किंवा नाकातोंडावर बांधावयाचा मऊ मुखवटा. श्वास आंत घेतांना ती हवा जोरानें लोटते, सोडतांना जोर कमी करते. त्यासाठीं पोटांत तारा नकोत कीं भूल नको. २००६ सालीं न्यूकॅसल येथील वैद्यांनीं ४१ रोग्यांवर तिची कसोटी घेतली. त्यांनींहि चिठ्ठ्याच टाकल्या होत्या. गिळण्याबोलण्याचे स्नायु ज्यांचे फारसे बिघडलेले नव्हते अशा रोग्यांत मुखवट्यामुळें आयुष्य २०५ दिवसांनीं वाढलेलें आढळलें. ते दिवसहि अंथरुणावर तळमळण्याचे नव्हते. झोप सुधारते, डोकें हलकें होतें, दिवसा बोलावेंसें वाटतें. ज्यांचे घशाचे स्नायु फारच दुबळे आहेत त्यांचें आयुष्य त्या चाचणींत वाढलें नाहीं, तरी कांहीं त्रास कमी झाला. ह्या रोगांतील कोणत्याहि गोळीच्या मानानें हा लाभ मोठा आहे. परंतु घरघरणाऱ्या पेटीभोंवतीं चमत्काराचें वलय नसतें. नातलग म्हणतात, ‘एवढेंच कां?’ आणि दुसऱ्या वैद्याकडे जातात.

एक सावधगिरीची सूचना येथेंच दिली पाहिजे. रोग्याला धाप लागली कीं आपल्याकडे प्रथम सुचतें तें प्राणवायूचें सिलिंडर. न्युमोनियांत तें योग्यच आहे. परंतु ह्या रोगांत फुफ्फुसें निकोप असतात आणि भाता हालविणारा हात थकलेला असतो. अशा वेळीं नुसता प्राणवायु सोडला तर बोटाला लावलेल्या मापकावर आंकडा छान दिसतो आणि आंत कर्बाम्लवायु सांचतच राहतो. रोगी गुंगींत जातो, आणि घरच्यांना वाटतें, आतां स्वस्थ झोप लागली. म्हणून वैद्याच्या देखरेखीवांचून, मुखवट्याच्या ऐवजीं सिलिंडर, ही अदलाबदल करूं नये.

मुखवट्याची वेळ केव्हां येते हें ओळखण्यासाठीं धाप लागण्याची वाट पाहावयाची नसते. वैद्य दर कांहीं महिन्यांनीं एका नळींत जोरानें फुंकावयास लावून श्वासाचें माप घेतात. तें माप आणि आधीं सांगितलेलीं रात्रींचीं लक्षणें यांवरून निर्णय होतो. घशाला छिद्र पाडून कायमचें यंत्र जोडावयाचें कीं नाहीं, हा प्रश्नहि रोगी स्वतः बोलूं शकतो तोंवरच त्याला विचारलेला बरा. हॉकिंग यांच्या बाबतींत १९८५ सालीं न्युमोनिया झाला असतां तो एकाएकीं पुढें आला. तशा घटकेस रोग्याचें मत विचारावयास वेळ नसतो आणि तो निर्णय बायकोमुलांवर येऊन पडतो. नळी घातली तर दिवसरात्र जवळ माणूस लागतें, खर्च मोठा येतो, आणि रोग तर पुढें चालूच राहतो. तरीहि कांहींजण विचारपूर्वक ती पत्करतात, आणि कांहींजण तितक्याच विचारानें नाकारतात. दोघांनाहि नांवें ठेवण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

मुखवटा पहिल्या रात्रीं कोणालाहि आवडत नाहीं. नाकाच्या दांड्यावर तो रुततो, डोळ्यांवर वारा येतो, जीव कोंडल्यासारखा वाटतो. प्रथम दिवसा, बसल्या बसल्या, अर्धा-अर्धा तास संवय करावी. एक माप बसलें नाहीं तर दुसरें पाहावें. वीज जाण्याचे प्रसंग आपल्याकडे येतातच, तेव्हां यंत्राला जोडतां येईल अशी बॅटरी भरून ठेवलेली असावी. आणि मुखवटा काढण्याघालण्याची कला घरांतील निदान दोघांना तरी आली पाहिजे. कारण ज्याचे हात चालत नाहींत त्याला, मध्यरात्रीं ठसका लागला तर, तो स्वतःच्या तोंडावरून काढतां येत नाहीं. त्याच्या उशाशीं डोक्याच्या नुसत्या हालचालीनें वाजेल अशी घंटा बसवून घ्यावी, आणि ती शेजारच्या खोलींत ऐकूं जाते कीं नाहीं हें, यंत्राची घरघर चालू असतांना, एकदां पारखून पाहावें.